सायकलीची सोयरीक

गौरीगणपतीस आमचें सारें कुटुंब साताऱ्यास एकत्र जमतें. थोरले बंधू तेथेंच राहतात; मी नोकरीच्या निमित्तानें सांगलीस गेलों तो तेथलाच झालों. गेल्या भाद्रपदांत मी पोहोंचलों, तेव्हां घरांत आरास, पाहुणे, मोदकांची गडबड हें सर्व होतें. परंतु नित्याचा आनंद मात्र दिसेना. माजघराच्या दाराशीं बंधूंचे धाकटे चिरंजीव कोंपरास पट्टी बांधून बसले होते, आणि अंगणांत पारिजातकाखालीं त्यांची सायकल एका पायानें अधू होऊन उभी होती. तिचा डावा क्रँक, म्हणजे ज्या दांडीला पायडल बसवितात ती दांडी, जागेवर नव्हताच.

हकीकत अशी. चिरंजीव अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षास आहेत. दर रविवारीं पहांटे चारपांच मित्रांसह यवतेश्वरचा घाट चढून कासच्या पठाराकडे जावयाचें, हा त्यांचा नेम. घाटांतील एका वळणावर मात्र प्रत्येक वेळीं त्यांस उतरून सायकल हातीं धरावी लागे. मित्रांपैकीं कोणी सल्ला दिला, "क्रँक बदल, म्हणजे सायकल आपोआप चढेल." आजीनें वाढदिवसास दिलेले पैसे आणि शिष्यवृत्तींतून उरलेले, असे साडेचार हजार रुपये खर्चून चिरंजीवांनीं एक चकचकीत जोड आणला. एका दुकानांत तो अर्ध्या तासांत, हातोडीचे चार घाव घालून, बसविला गेला. पहिल्या रविवारीं चेन तीनदां पडली. दुसऱ्या रविवारीं यवतेश्वराच्या अलीकडे डावा क्रँक एक्सलावरून निसटला आणि चिरंजीव रस्त्यावर आदळले. चढ होता, वेग नव्हता, म्हणून कोंपरावर निभावलें. तोच क्रँक परतीच्या उतारावर निसटला असता तर काय झालें असतें, हा विचार घरांत कोणी बोलून दाखवीत नव्हतें. पण प्रत्येकाच्या मनांत तोच होता.

वहिनी मला पाहतांच म्हणाल्या, "भाऊजी, तुम्ही आलांत तें बरें झालें. गौरी उठल्या कीं ही सायकल विकून टाका." बंधू कांहीं वेळ बोलले नाहींत. मग म्हणाले, "तूं चाळीस वर्षें सायकल चालवितो आहेस. आधीं दोष कोणाचा तें पाहा. मग काय तें ठरवूं."

न्यायाधीशाचें काम असें माझ्याकडे आलें. परंतु खरें सांगावयाचें तर त्या क्षणीं मला चिरंजीवांपेक्षां अधिक कांहीं कळत होतें असें नाहीं. सांगली म्हणजे कृष्णाकाठचें सपाट गांव. माझी सायकल काळी, उभ्या दांड्याची, पुढें ४८ दांत्यांचें एकच चक्र आणि मागें १८ दांत्यांचें. पायडलाच्या एका फेऱ्यांत ती सुमारें ६ मीटर पुढें जाते आणि गांवभागांतून विश्रामबागेपर्यंत तिला दुसरें कांहीं लागत नाहीं. तिचे क्रँक कॉटर नांवाच्या लोखंडी खिळीनें एक्सलावर पक्के होतात. खीळ झिजली तर कोणत्याहि पेठेंतील कोणत्याहि दुकानांत दुसरी मिळते. घरीं नेऊन ठोकली कीं काम झालें. अशा सायकलींची बहुतेक मापें पिढ्यान्पिढ्या एकच राहिलीं, म्हणून एकीचा भाग दुसरीला खुशाल चालतो. या सुखामुळें आम्हां जुन्या लोकांस मोजण्याची संवयच उरली नाहीं.

हें सुख आपोआप आलेलें नव्हे. स्क्रूचे आटे सर्वत्र एका मापाचे असावेत, ही कल्पना इंग्लंडांत जोसेफ व्हिटवर्थ यांनीं १८४१ सालीं मांडली. पुढें बर्मिंगहॅम स्मॉल आर्म्स ही बंदुका करणारी कंपनी सायकलींकडे वळली. आणि सायकलीच्या पोटांतील नळीचें १.३७ इंच व्यासाचें, इंचास २४ आट्यांचें माप आजहि बी. एस. ए. याच नांवानें ओळखलें जातें. आपल्याकडेहि यंत्रविद्येचा एक मोठा ओघ सायकलींतूनच निघाला. लक्ष्मणराव किर्लोस्करांनीं १८८८ सालीं बेळगांवास सायकलींचें दुकान काढलें. त्याच उद्योगाचा वाढता संसार १९१० सालीं औंध संस्थानांतील ओसाड माळावर गेला, आणि तेथें लोखंडी नांगरांचा कारखाना उभा राहिला. आज सांगली जिल्ह्यांत असलेली किर्लोस्करवाडी ती हीच.

डोंगरी सायकलीचा इतिहास मात्र निराळा आहे. १९७७ च्या सुमारास कॅलिफोर्नियांतील मरिन परगण्यांत कांहीं तरुणांनीं डोंगर उतरण्यासाठीं मुद्दाम सायकली बांधल्या. त्या खेळाचा पुढें मोठा व्यापार झाला, कारखान्यांत चुरस लागली, आणि प्रत्येकानें वजन घटविण्यासाठीं व मजबुती वाढविण्यासाठीं आपापलीं नवीं मापें काढलीं. त्यामुळें सायकली सुधारल्या खऱ्या. पण "कोणताहि भाग कोठेंहि चालतो" हा जुना नियम मोडला. आमच्या घरांतील अपघाताचें मूळ येथेंच होतें. चिरंजीवांनीं माल वाईट घेतला नव्हता. त्यांनीं सोयरीक न पाहतां घेतला होता. मुलगी चांगली आणि मुलगाहि चांगला, एवढ्यानें लग्न जमत नाहीं. दोन्ही घरांचें जुळावें लागतें, हें वहिनींना मीं सांगण्याची गरज नव्हती.

गौरी जेवल्या त्या संध्याकाळीं आम्ही दोघे अंगणांत बसलों. चिरंजीवांनीं महाविद्यालयांतील व्हर्निअर मोजपट्टी आणली. मीं वही घेतली. दोन संध्याकाळीं मिळून जें ध्यानांत आलें तें येथें सांगतों. ज्यांच्या घरीं अशी सायकल आहे त्यांस तें उपयोगी पडेल.

प्रथम पाहावयाचा तो एक्सल. फ्रेमच्या तळाशीं जी आडवी नळी असते तींतून हा जातो. दुकानदार या सबंध भागास बी. बी. म्हणतात. जुन्या सायकलींत एक्सलाचें टोंक गोल असून त्यांत कॉटरसाठीं खांच असते. बऱ्याच डोंगरी सायकलींत तें चौकोनी व निमुळतें असतें. कांहींत त्यावर दांते पाडलेले असतात. आणि अलीकडच्या कित्येक जोडांत २४ मिलिमीटर व्यासाचा पोकळ एक्सल उजव्या क्रँकलाच जडलेला येतो. यांपैकीं एकाचा क्रँक दुसऱ्यावर बसत नाहीं. चिरंजीवांचा जुना आणि नवा, दोन्ही चौकोनी होते. येथवर पत्रिका जुळली होती.

दुसरें, नळीची रुंदी व आटे. रुंदी बहुधा ६८ किंवा ७३ मिलिमीटर असते. बी. एस. ए. मापाच्या नळींत उजव्या बाजूचे आटे उलटे व डाव्या बाजूचे सुलटे असतात. हें ठाऊक नसलें म्हणजे माणूस उजवीकडील कप काढावयास जातो आणि जोर लावून अधिकच आंवळतो. पायडलांचेंहि असेंच, पण बाजू उलटी. डाव्या पायडलाचे आटे उलटे असतात, म्हणून तें काढतांना घड्याळाच्या कांट्याच्या दिशेनें फिरवावें लागतें. चालतांना पायडल आपोआप सैल होऊं नये, यासाठीं ही योजना आहे.

तिसरें, एक्सलाची लांबी. आणि आमचा पहिला गुन्हेगार सांपडला तो येथेंच. नव्या जोडास ११३ मिलिमीटरांचा एक्सल हवा होता, सायकलींत होता १२२.५ चा. साडेनऊ मिलिमीटरांचा फरक. त्यांतील निम्मा, म्हणजे जवळजवळ ५ मिलिमीटर, उजवीकडे गेला. तीन चक्रांपैकीं मधलें चक्र फ्रेमच्या मध्यरेषेपासून ५० मिलिमीटरांवर असावें, तें ५५ वर गेलें. हें अंतर घरींहि मोजतां येतें: बैठकीखालच्या उभ्या नळीच्या जाडीचें निम्में घ्यावें, आणि नळीच्या पृष्ठापासून मधल्या चक्राच्या दांत्यांपर्यंतचें अंतर त्यांत मिळवावें. चक्रें इतकीं बाहेर गेल्यावर चेन तिरकी धांवूं लागली, पुढचा डिरेलर तिला मोठ्या चक्रापर्यंत नेईना, आणि चढावर जोर येतांच ती सुटूं लागली. पांच मिलिमीटर म्हणजे एका गव्हाच्या दाण्याची लांबी. पण तेवढ्यानें रविवार वाया गेला होता.

चौथें, दांत्यांचा हिशेब. जुनीं चक्रें ४२, ३४ व २४ दांत्यांचीं. नवीं ४२, ३२ व २२ चीं. मागें १४ पासून २८ पर्यंत सात चक्रें. मागचा डिरेलर किती ढिली चेन ओढून धरूं शकतो, याची मर्यादा कारखान्यानें ठरविलेली असते. पुढच्या सर्वांत मोठ्या व लहान चक्रांतील फरक, अधिक मागच्या मोठ्या व लहान चक्रांतील फरक, ही बेरीज त्या मर्यादेच्या आंत पाहिजे. जुनी बेरीज १८ अधिक १४, म्हणजे ३२. नवी २० अधिक १४, म्हणजे ३४. चिरंजीवांच्या डिरेलरची मर्यादा नेमकी ३४ होती. मोठें चक्र पूर्वीइतकेंच असल्यानें पुढचा डिरेलर वरखालीं करण्याचें कारण नव्हतें. सात गिअरांची चेनहि नव्या चक्रांवर चालत होती.

आतां डाव्या क्रँकचा प्रश्न. चौकोनी एक्सलावर क्रँक टिकतो तो निमुळत्या टोंकावर घट्ट दाबला गेल्यामुळें, आणि तो दाब येतो बोल्टनें, हातोडीनें नव्हे. बोल्ट साधारण ३५ ते ५० न्यूटन-मीटर इतका आंवळावा लागतो. सोप्या भाषेंत, फूटभर लांब पान्याच्या टोंकाला तेराचौदा किलो वजन टांगलें तर जेवढा जोर येईल, सुमारें तेवढा. येथें बोल्ट अर्धाच आंवळलेला होता. सैल क्रँक पोलादी टोंकावर हलूं लागला, त्याच्या मऊ धातूचें चौकोनी भोंक वाढत गेलें, आणि दुसऱ्या रविवारीं तो निसटला. असा क्रँक पुन्हां कितीहि आंवळला तरी विश्वासाचा राहत नाहीं. तो टाकूनच दिला पाहिजे. काढतांनाहि ठोकाठोकी नको. त्यासाठीं पुलर नांवाचें स्क्रूचें लहानसें हत्यार मिळतें, तें आट्यांत नीट बसवून फिरवावें.

हें सर्व झाल्यावर मीं चिरंजीवांस विचारलें, "पण मुळांत क्रँक बदलावयास हवा होता काय?" त्यांनीं वहींत आंकडे मांडले. त्यांच्या २६ इंची चाकाचा घेर सुमारें २.०७ मीटर. जुन्या सर्वांत हलक्या गिअरमध्यें एका फेऱ्याला सायकल १.७७ मीटर जाई, नव्यानें १.६३ मीटर जाईल. मागचें मोठें चक्र २८ ऐवजीं ३४ चें घेतलें असतें तर १.४६ मीटरच, म्हणजे चढ आणखी सोपा! पण त्यांच्या डिरेलरला २८ हून मोठें चक्र चालत नव्हतें. तोहि बदलावा लागला असता. तरीहि एकूण खर्च क्रँकच्या जोडापेक्षां कमीच आला असता. चिरंजीव बराच वेळ त्या आंकड्यांकडे पाहत राहिले. "काका," ते म्हणाले, "हा हिशेब मीं आधीं केला असता तर आजीचे पैसे वांचले असते." मीं म्हटलें, "हा हिशेब चाळीस वर्षांत मीहि कधीं केला नव्हता."

दुसरे दिवशीं मीं बंधूंपुढें निकाल दिला: दोष सायकलीचा नाहीं, धाडसाचाहि नाहीं, न मोजण्याचा आहे. ११३ मिलिमीटरांचा नवा एक्सल आणि एकटा डावा क्रँक, इतकेंच आणावें. दोन्ही मिळून दीड हजारांच्या आंत आलीं. बसविलीं चिरंजीवांनीं स्वतः. मी फक्त पाना धरून शेजारीं उभा होतों. वहिनींनीं सायकल राहूं दिली, पण एका अटीवर: दर रविवारीं निघण्यापूर्वीं दोन्ही क्रँक हातानें आडवे हलवून पाहावयाचे, आणि किंचित् जरी हालचाल जाणवली तरी घाट रद्द.

अनंतचतुर्दशीनंतरच्या रविवारीं मी मुद्दाम थांबलों. पहांटे बंधूंच्या स्कूटरवरून पुढें जाऊन यवतेश्वरास बसलों. खालीं सातारा धुक्यांत होता, आणि समोर अजिंक्यताऱ्याचा माथा तेवढा वर आला होता. अर्ध्यापाऊण तासानें वळणावरून चिरंजीव आले. सावकाश, घामानें भिजलेले, पण सायकलीवर बसूनच. उतरले, पाणी प्याले, आणि एक शब्द न बोलतां आधीं खालीं वांकून डावा क्रँक हलवून पाहिला.

इतक्यांत माझा फोन वाजला. वहिनी होत्या. पोर वर पोहोंचला काय, हें त्यांनीं विचारलें नाहीं. त्या म्हणाल्या, "भाऊजी, उतरण्यापूर्वीं तो बोल्ट बघायला सांगा हं."