सही कोणाची?

ऑपरेशनच्या कागदावर सही 'ह्यांनी' केली, असं आपण किती सहज सांगतो, नाही? मैत्रिणींनो, दिल्लीची ही हकीकत वाचा. १९९५ साली ४४ वर्षांची एक अविवाहित बाई दुर्बिणीच्या तपासणीसाठी दवाखान्यात गेली. ती भुलीखाली असतानाच डॉक्टरांनी तिच्या आईची संमती घेतली आणि गर्भाशय, बीजकोश काढून टाकले! जिवाला तातडीचा धोका नव्हता. शुद्धीवर येईपर्यंत थांबता आलं असतं. २००८ साली सर्वोच्च न्यायालयानं बजावलं, की तपासणीची संमती म्हणजे अवयव काढायची संमती नव्हे, आणि अशा वेळी सज्ञान मुलीच्या वतीनं आईची सहीही चालत नाही. भरपाई मात्र अवघी २५,००० रुपये. तेव्हा भूल घेण्याआधीच विचारा: काय काढणार, कशासाठी, दुसरा उपाय आहे का? कागद मराठीत समजावून मागा. रिकाम्या जागा असतील, तर सही थांबवा.