तेलाचा लाल दिवा

स्वारगेटच्या जेधे चौकात सिग्नलला थांबलेल्या मोटारीत, चालकासमोर झारीचे चित्र असलेला लाल दिवा लागला. याचा अर्थ काय? ‘इंजिनातले तेल संपले’ असे बरेचजण म्हणतील. पण बहुतेक गाड्यांत हा दिवा तेल किती आहे हे सांगत नाही. तेलाचा दाब कमी झाला, एवढेच सांगतो. कधी कधी तेही खोटे असते. ते कसे ओळखायचे?

इंजिनातील क्रँकशाफ्ट आणि बेअरिंग यांच्यामध्ये तेलाचा पातळ थर असतो. पंप तेथे दाबाने तेल पोचवतो. दाब गेला की धातूवर धातू घासतो आणि थोड्याच वेळात इंजिन निकामी होऊ शकते. म्हणून चालत्या गाडीत दिवा लागला, तर आधी गाडी बाजूला घेऊन इंजिन बंद करावे. शोध नंतर.

साध्या रचनेत तेलाच्या वाटेवर एक छोटा स्विच बसवलेला असतो. त्यात एक पडदा आणि एक स्प्रिंग असते. दाब नसताना स्प्रिंगमुळे संपर्क जुळलेला राहतो, दिव्यातली वीज इंजिनाच्या धातूपर्यंत पोचते आणि दिवा लागतो. दाब वाढला की पडदा ढकलला जातो, संपर्क तुटतो, दिवा विझतो. म्हणूनच किल्ली फिरवताच दिवा लागतो आणि इंजिन सुरू झाल्यावर काही क्षणांत विझतो.

आता तपासणी. प्रथम डिपस्टिकने तेलाची पातळी पाहावी. ती ठीक असेल, तर इंजिन बंद ठेवून किल्ली फिरवावी आणि स्विचची तार काढावी. दिवा तरीही लागलेला राहिला, तर तारेचे आवरण घासून ती कुठेतरी धातूला टेकली आहे. दिवा विझला, तर तार ठीक. पण म्हणून लगेच स्विच बदलू नये. तो खरेही बोलत असेल! मिस्त्री स्विचच्या जागी दाबमापक बसवून इंजिन सुरू करतो. दाब पुरेसा असेल तर स्विच खराब. काटा वर चढलाच नाही तर इंजिन ताबडतोब बंद करायचे. दोष पंपात, जाळीत किंवा झिजलेल्या बेअरिंगमध्ये असू शकतो.

तापलेले इंजिन सिग्नलला मंद चालताना दिवा लुकलुकतो आणि कात्रजच्या दिशेने वेग घेताच विझतो, असे झाले तर? गरम तेल पातळ होते, पंपही हळू फिरतो, त्यामुळे तेव्हा दाब सर्वांत कमी असतो. अशा वेळी दाब खरोखरच घसरल्याचा संशय घ्यावा.

नव्या गाड्यांत संवेदक दाबानुसार बदलणारे व्होल्टेज संगणकाला पाठवतो. पी ०५२२ हा संकेत व्होल्टेज फार कमी, पी ०५२३ फार जास्त, तर पी ०५२४ दाबच कमी असल्याचे सांगतो. कुठे शोधायचे ते संकेत सांगतो; कोणता भाग बदलायचा ते नाही.

खरा धोका मात्र न लागणाऱ्या दिव्याचा. तार तुटली किंवा बल्ब गेला, तर दाब शून्य होऊनही दिवा गप्पच! किल्ली फिरवल्यावर दिवा लागलाच नाही, तर काढलेली तार इंजिनाच्या धातूला टेकवावी. दिवा लागला तर स्विच खराब, नाही तर तार किंवा बल्ब. ‘दिवा नाही’ म्हणजे ‘सारे ठीक’ नव्हे.

वर्गात सेल, बल्ब आणि पत्र्याच्या दोन पट्ट्या घेऊन हे मंडल जोडता येईल. मग विद्यार्थ्यांना आम्ही सुचवतो तो प्रश्न विचारा : दाब असतानाच दिवा लागेल अशी उलट रचना केली, तर कोणता बिघाड उघड होईल आणि कोणता लपेल?