सरासरी सहा, तरी सर्व्हर डाऊन

२०२३ च्या खरिपात राज्य सरकारने एक रुपयात पीकविमा दिला आणि महाराष्ट्रातून सुमारे १ कोटी ७० लाख अर्ज आले. मुदतवाढ धरून १ जुलै ते ३ ऑगस्ट, म्हणजे ३४ दिवसांत. दिवसाला ५ लाख. सेकंदाला किती? जेमतेम सहा. एवढ्या कामाला साधा लॅपटॉपही पुरून उरावा. पण मुदत संपत आली की दर्यापूर असो की अकोट, सातबारा आणि पासबुकाच्या झेरॉक्स घेऊन सेतू केंद्रावर उभ्या असलेल्या माणसाला ऐकावं लागणारं वाक्य ठरलेलं: "काका, सर्व्हर डाऊन हाय. दुपारून या."

विम्याचे अर्ज घेणारं पोर्टल आतून कशावर चालतं याच्याशी इथे कर्तव्य नाही. आकडे त्याचे घेऊ, यंत्र आपलं मांडू: नोड जेएसवर लिहिलेला एक सर्व्हर. सर्व्हरवर जावास्क्रिप्ट चालवणारं हे साधन रायन डाल यांनी २००९ मध्ये लोकांपुढे आणलं. त्याची खुबी आणि खोड एकच, ती म्हणजे तुमचा कोड एका वेळी एकाच धाग्यावर (थ्रेडवर) चालतो. बाजार समितीत कापसाच्या गाड्या कितीही लागोत, काटा एकच. डेटाबेसचं उत्तर येईपर्यंत हा काटा खोळंबत नाही, पुढची गाडी घेतो. म्हणून एवढ्याशा यंत्रावर हजारो जोडण्या निभतात. पण काट्यावरच कोणी लांबलचक हिशेब मांडून बसला, की मागची अख्खी रांग थांबली.

धरा, एका अर्जापोटी सर्व्हरला २० विनंत्या जातात आणि प्रत्येकीला २ मिलिसेकंद लागतात. पूर्ण मुदतीच्या सरासरीने सेकंदाला ११६ विनंत्या होतात, म्हणजे सर्व्हर २३ टक्के कामात आणि ७७ टक्के रिकामा. अहवाल पाहून साहेब खूश. आता यातले पाव अर्ज शेवटच्या तीन दिवसांत, रोजच्या बारा तासांत आले असं समजा. सेकंदाला जवळपास ३३ अर्ज, ६५६ विनंत्या. धागा उरकतो ५००. दर सेकंदाला १५६ शिल्लक राहतात. दहा मिनिटांत ९३,६००, तासाभरात साडेपाच लाखांवर. त्यात कंटाळून जो तो पुन्हा बटण दाबणार, ती भर वेगळीच. प्रोसेस वाढवता येतात, नाही असं नाही. पण केव्हा वाढवायच्या हे २३ टक्क्यांचा आकडा कधीच सांगणार नाही.

सरासरीत न दिसणारा अडथळा पकडायचा तर वेळ बारीक मोजावा लागतो, आणि नोड तो मोजतं नॅनोसेकंदात. सेकंदाचे १०० कोटी तुकडे केले तर त्यातला एक. तेवढ्यात प्रकाशसुद्धा ३० सेंटिमीटरच जातो. हे डोक्यात मावत नाही, म्हणून क्षणभर नॅनोसेकंदालाच सेकंद म्हणू. मग मेमरीतून एक आकडा उचलायला सुमारे पावणेदोन मिनिटं लागतात. मिलिसेकंद होतो साडेअकरा दिवसांचा. काचेच्या तंतूतून प्रकाश मिलिसेकंदाला सुमारे २०० किलोमीटर धावतो. दर्यापूर ते मुंबई केबलचा रस्ता ६०० किलोमीटर धरला तर जाऊन-येऊन ६ मिलिसेकंद, म्हणजे ६९ दिवस. आणि कोणीतरी भली मोठी फाईल एका दमात वाचायला घातली म्हणून धागा २०० मिलिसेकंद अडला? सहा वर्षं चार महिने.

हा अडथळा पकडायचं हत्यार नोडच्या पोटातच आहे. त्याचं नाव मॉनिटर इव्हेंट लूप डिले. युक्ती साधी: दर १० मिलिसेकंदांनी टायमर लावायचा आणि तो खरंच किती वेळाने आला ते टिपायचं. धागा अडलेला असेल तर टायमरही अडतो, आणि तो उशीर हेच मोजमाप. दिवसाला ८६ लाख ४० हजार टिपणं होतात, पण ती एका आटोपशीर हिस्टोग्रामच्या कप्प्यांत बसतात. नवख्याने एक ध्यानात ठेवावं: काहीही काम नसताना इथे १ कोटी नॅनोसेकंदांच्या आसपासचा आकडा दिसतो. तो त्या १० मिलिसेकंदांचाच आहे, घाबरायचं कारण नाही.

त्या हिस्टोग्राममध्ये बघायचा तो ९९ वा पर्सेंटाइल. सीईटीमुळे हा शब्द आता घरोघरी पोचलाय, इथे मात्र तो जितका कमी तितका बरा. त्याच्या पलीकडे शंभरातली एकच विनंती रेंगाळते, एवढं चालायचंच, असं वाटतं. पण अर्ज २० विनंत्यांचा आहे. त्यातली एक तरी रेंगाळलेली निघण्याची शक्यता १८ टक्के, म्हणजे जवळजवळ पाचातला एक माणूस ताटकळतो. १०० विनंत्यांचं पान असेल तर ६३ टक्के.

आता या पाळतीचाच पसारा पाहा. साउंडक्लाउड कंपनीत २०१२ मध्ये सुरू झालेलं प्रोमिथियस दर १५ सेकंदांनी आकडे गोळा करायला लावलं, तर एका मालिकेच्या, म्हणजे एकाच मापाच्या ओळीने घेतलेल्या आकड्यांच्या, दिवसाला ५,७६० नोंदी होतात. एक नोंद मुळात १६ बाइटची. फेसबुकच्या गोरिला या नोंदी दाबून बसवण्याच्या पद्धतीने ती सरासरी १.३७ बाइटमध्ये बसली, आणि प्रोमिथियसची पद्धत त्याच वळणाची. आकड्यांवर 'तालुका' ही खूण लावली तर राज्याचे ३५८ तालुके मिळून दिवसाला २० लाख ६२ हजार नोंदी, तीन एमबीच्या आत. दर्यापूर वेगळं दिसतं, अंजनगाव वेगळं. पण कोणी हौसेने 'अर्ज क्रमांक' हीच खूण लावली, की १ कोटी ७० लाख मालिका आणि दिवसाला ९,७९२ कोटी नोंदी: १३४ जीबी, रोज! चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला. अनुभवी माणसंही या खड्ड्यात पडतात, कारण ती खूण लावायला कोडची एकच ओळ पुरते.

एकेका विनंतीचा माग ठेवण्याचं काम वेगळं. गूगलने २०१० मध्ये आपल्या डॅपर या व्यवस्थेबद्दल लिहिलं, तेव्हा त्यांचा सुरुवातीचा नियम होता १०२४ मधली एक विनंती ठेवायची. आपल्या ३४ कोटी विनंत्यांतून ३ लाख ३२ हजार उरतील, आणि एकूण चित्र पाहायला तेवढ्या भरपूर झाल्या. मात्र अडकलेली नेमकी एक विनंती त्यांत सापडण्याची शक्यता हजारात एक. म्हणून हल्ली बरेच जण माग आधी सगळा गोळा करतात, विनंतीचा शेवट काय झाला ते पाहतात, आणि चुकलेले नि रेंगाळलेले तेवढे ठेवून बाकीच्यांतले थोडेच राखतात.