जलप्रतिमानांची सूची आणि संज्ञांचा प्रश्न

नदीचा प्रवाह, गाळाचे वहन इत्यादींचे गणन करणाऱ्या संगणकीय प्रतिमानांची सामायिक सूची सिद्ध करण्याचे कार्य अमेरिकेत बोल्डर येथील कोलोरॅडो विद्यापीठात २००७ साली ‘सी.एस.डी.एम.एस.’ ह्या नावाने सुरू झाले. एकाने रचलेले प्रतिमान दुसऱ्याने घ्यावे व आपल्या प्रतिमानास जोडावे, हा तिचा हेतू. आज्ञावली खुली केली की काम झाले, असे प्रथमदर्शनी वाटते. परंतु खरी अडचण भाषेची आहे. एकाच राशीस एक कर्ता ‘डिस्चार्ज’ म्हणतो, दुसरा ‘स्ट्रीमफ्लो’, तिसरा केवळ ‘क्यू’ हे अक्षर योजतो. माणूस संदर्भावरून अर्थ लावतो; यंत्रास ती सोय नाही. उलटपक्षी, नुसत्या ‘वेग’ ह्या शब्दावरून तो पाण्याचा की वाऱ्याचा, हे कळत नाही. म्हणून तेथे प्रमाण संज्ञांची पद्धती बसविण्यात आली. प्रत्येक संज्ञेत आधी वस्तू, मग राशी, व दोहोंमध्ये दुहेरी अधोरेषा. षष्ठीचा प्रत्यय गाळलेला समासच म्हणावा! प्रतिमानातील मूळ नावे तशीच राहतात; त्यांचा प्रमाण संज्ञांशी संबंध तेवढा नोंदवावयाचा असतो. १५ प्रतिमानांची नावे परस्परांशी ताडून पाहावयाची, तर जोड्या १०५ होतात. मध्यस्थ संज्ञा असल्यास प्रत्येकाची एक, अशा १५ नोंदी पुरतात. एकक मात्र संज्ञेत येत नाही. ते निराळे सांगावे लागते. अन्यथा नाव जुळूनही घनमीटर व घनफूट ह्यांची गल्लत व्हावयाची.