किल्ली कोणाच्या खिशात?

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. धाकट्या बहिणीला रात्री इस्पितळात दाखल केले होते. जिना चढताना माझा मोबाइल हातातून निसटला, चार पायऱ्या आपटत खाली गेला आणि बंद पडला तो पडलाच. खिडकीवरच्या मुलाने अनामत रक्कम मागितली. पैसे बँकेत होते. पण बँकेचा ओटीपी ज्या नंबरवर यायचा, तो नंबर त्या मेलेल्या यंत्राच्या पोटात होता.

"अहो, कार्ड काढून माझ्या फोनमध्ये घाला ना," सौ. म्हणाली.

तिला काय सांगणार? काढायला कार्डच नव्हते. दोन महिन्यांपूर्वी मुलाच्या आग्रहाखातर मी सिमकार्ड सोडून 'ई-सिम' घेतले होते. शेवटी सौ.च्या खात्यातून पैसे भरले. दुसऱ्या दिवशी नवा फोन घेतला, कंपनीच्या दुकानात ओळखपत्र दाखवले, ई-सिमही मिळाले. पण सिम बदलल्यावर चोवीस तास एसएमएस बंद! म्हणजे ओटीपीसाठी आणखी एक दिवस थांबा. बहीण बरी होऊन घरी गेली. माझ्या डोक्यातला प्रश्न मात्र गेला नाही.

सिम म्हणजे नेमके काय? पहिली सिमकार्डे १९९१ साली म्युनिकच्या गीसेके अँड डेव्हरिएंट या कंपनीने फिनलंडमधल्या एका दूरध्वनी कंपनीसाठी बनवली. ही कंपनी मूळची चलनी नोटा छापणारी! माझ्यासारख्या बँकवाल्याला यात नवल वाटत नाही. दोन्हीकडे धंदा विश्वासाचाच. सुरुवातीला ते कार्ड एटीएम कार्डाएवढे होते. झिजत झिजत आता नखाएवढे झाले. त्याच्या पोटात एक गुप्त किल्ली असते. कंपनीचे यंत्र दर वेळी एक आकडा पाठवते, कार्ड त्या किल्लीने उत्तर काढून परत पाठवते. उत्तर जुळले की दार उघडते. किल्ली मात्र कार्डाबाहेर कधीच येत नाही.

ई-सिममध्येही हेच चालते. फरक एवढाच, की चिप फोनमध्येच कायमची डकवलेली असते आणि किल्ली इंटरनेटवरून, बहुधा चौकटीचौकटीच्या क्यूआर कोडामार्फत, तिच्यात उतरवली जाते. अमेरिकेत २०२२ साली आलेल्या आयफोन १४ ला तर कार्डाची खाचच ठेवली नव्हती.

आमच्या पिढीने असा बदल एकदा पाहिला आहे. १९९६ साली डिपॉझिटरी कायदा आला आणि कपाटातली शेअर सर्टिफिकिटे हळूहळू डीमॅट खात्यातल्या नोंदी झाल्या. तेव्हाही लोक म्हणत, "हातात कागद नाही, मग शेअर माझा कशावरून?" पण कागद हरवणे, फाटणे, खोट्या सह्यांनी दुसऱ्याच्या नावावर होणे हे सगळे त्या नोंदींनी कमी केले. ई-सिमचीही बाजू तशीच भक्कम आहे.

माझ्या एका जुन्या सहकाऱ्याचा फोन एसटी स्टँडवर चोरीला गेला. चोराने कार्ड काढून दुसऱ्या फोनात घातले आणि ओटीपी त्याच्याकडे जाऊ लागले. ई-सिम असते तर काढणार काय? शिवाय फोन सुरू आणि नेटवर्कवर असेपर्यंत तो कुठे आहे हे शोधण्याची आशाही राहिली असती. परदेशी मुलांकडे जाणाऱ्यांनाही सोय मोठी. घरबसल्या तिथला नंबर घेता येतो आणि आपलाही चालू राहतो.

पण चोरही बदलले आहेत. "तुमचे सिम बंद होणार आहे," असा फोन येतो, एखादा मेसेज पाठवायला किंवा लिंक दाबायला सांगतात, आणि आपला नंबर ई-सिम होऊन भामट्याच्या फोनात जाऊन बसतो. आपल्या फोनचे नेटवर्क जाते. आपल्याला वाटते, टॉवर बिघडला असेल. एसएमएस चोवीस तास बंद ठेवण्याचा जो नियम मला जाचला, तो याच भामट्यांसाठी आहे, हे नंतर ध्यानात आले.

बँकेत लॉकर देताना आम्ही दोन गोष्टी पाहत असू. किल्ली हरवली तर मालकाला लॉकर किती लवकर उघडून मिळेल? आणि मालकाखेरीज दुसरा कोणी तो उघडू शकेल का? सिमलाही हेच दोन प्रश्न विचारावेत. पहिल्यात कार्ड सरस, दुसऱ्यात बव्हंशी ई-सिम. मोबाइल नंबर ही आज घराची नमुना सही झाली आहे. पेन्शन, गॅस, आधार, सगळे त्यावर. म्हणून केवळ नवे आहे म्हणून घेऊ नये, आणि केवळ जुने आहे म्हणून कवटाळूही नये.

आमच्या घरी तोडगा निघाला. माझे ई-सिम कायम राहिले, सौ.चे कार्डही राहिले, फक्त त्याला चार आकडी सिम पिन लावला, म्हणजे ते दुसऱ्या फोनात पिनशिवाय चालत नाही. अडीअडचणीच्या रकमेचे खाते दोघांच्या नावे केले आणि तिचा नंबरही बँकेत नोंदवला. अचानक नेटवर्क गेले तर दुसऱ्याच्या फोनवरून आधी कंपनीला आणि बँकेला कळवायचे. पैसे गेलेच असतील तर लगेच १९३०. हा आकडा मी कॅलेंडरवर लाल शाईने लिहून ठेवला आहे.

मुलगा हसला. "बाबा, कॅलेंडरवर कशाला? फोनमध्ये सेव्ह करा की."

मी त्याला त्या जिन्याची आठवण करून दिली.