हुमणी आणि सूत्रकृमी

उसाचे हिरवेगार पीक पिवळे पडू लागते. ऊस ओढला, तर सहज उपटून हातात येतो! खाली मातीत पांढरी, वाकडी अळी सापडते. हीच हुमणी. ती उसाची मुळे खाते.

हुमणीचा एक शत्रूही मातीतच राहतो. त्याचे नाव सूत्रकृमी. काही सूत्रकृमी पिकांचे नुकसान करतात. हे मात्र शेतकऱ्याचे मित्र! ते इतके बारीक असतात, की नुसत्या डोळ्यांना दिसतच नाहीत. ते अळीच्या शरीरात शिरतात व आपल्या पोटातले जिवाणू तेथे सोडतात. एक-दोन दिवसांत अळी मरते. पण अळीही काही स्वस्थ बसत नाही. ती सूत्रकृमींना अंगावरून झटकून टाकते.

अमेरिकेत गवताची मुळे खाणाऱ्या अशाच अळ्या आहेत. कॉपेनहॉफर व काया या शास्त्रज्ञांनी त्यांच्यावर सूत्रकृमी आणि इमिडाक्लोप्रिड हे कीटकनाशक एकत्र वापरले. १९९८ साली हा अभ्यास प्रसिद्ध झाला. दोन वर्षांनी कारणही कळले. औषधाने अळ्या सुस्त होत. त्यांना अंग झटकता येत नसे. मग सूत्रकृमी सहज आत शिरत!

मात्र प्रत्येक औषध असे चालत नाही. काही औषधे सूत्रकृमींनाच मारतात. ऊन आणि कोरडी मातीही त्यांना सोसत नाही. म्हणून ते संध्याकाळी, ओल्या मातीत सोडतात.