सगळ्यात वेगवान माणूस मुद्दाम हळू का चालवत होता? अबू धाबी २०१६

आजच्या भागाचा प्रश्न सरळ आहे. एकाच टीमचे दोन ड्रायव्हर शेवटच्या रेसमध्ये एकमेकांविरुद्ध चॅम्पियनशिपसाठी लढत असतील, तर टीमने नक्की काय करायचं? आणि त्या दोघांनी काय करायचं? यासाठी मला २७ नोव्हेंबर २०१६ च्या अबू धाबी ग्रां प्रीपेक्षा चांगलं उदाहरण सापडत नाही. मर्सिडीजचे दोन ड्रायव्हर, लुईस हॅमिल्टन आणि निको रोझबर्ग.

आधी गणित बघू, कारण सगळा खेळ त्यातच आहे. ऑक्टोबरमध्ये जपानची रेस झाली तेव्हा रोझबर्ग ३३ गुणांनी पुढे होता. मग हॅमिल्टनने अमेरिका, मेक्सिको आणि ब्राझील अशा सलग तीन रेस जिंकल्या. तिन्ही वेळा रोझबर्ग दुसरा. पहिल्याला २५ गुण, दुसऱ्याला १८, म्हणजे दर रेसला फक्त ७ गुण भरून निघत होते. अबू धाबीला येताना फरक उरला १२ गुणांचा: रोझबर्ग ३६७, हॅमिल्टन ३५५.

आता हॅमिल्टन जिंकला तर त्याचे होतात ३८०. रोझबर्ग तिसरा आला तर १५ गुण मिळून ३८२, म्हणजे चॅम्पियन. चौथा आला तर १२ गुण मिळून ३७९, म्हणजे एका गुणाने गेला. थोडक्यात, हॅमिल्टनने नुसतं जिंकून भागणार नव्हतं. त्याच्या आणि रोझबर्गच्या मध्ये अजून दोन गाड्या यायला हव्या होत्या.

वेगळ्या टीम असत्या तर यावर उपाय असतात. आधी पिटमध्ये यायचं, नवीन टायरवर दोन लॅप जोरात मारायच्या आणि समोरच्याला मागे टाकायचं. यालाच अंडरकट म्हणतात. पण इथे दोघांची पिट वॉल एकच! टीमला दोघांशी सारखंच वागायचं होतं, त्यामुळे पुढे असलेला आधी पिटमध्ये येणार आणि दुसरा त्याच्या पाठोपाठ. टायरही तेच, गाडीही तीच. म्हणजे स्ट्रॅटेजी नावाचं हत्यार दोघांच्याही हातातून काढून घेतलेलं. उरतं काय? स्वतःचा वेग आणि डोकं.

हॅमिल्टन पोलवरून सुटला आणि पुढेच राहिला. त्याच्याकडे एकच डाव होता. हळू चालवायचं, म्हणजे मागे रोझबर्ग अडकेल आणि त्याच्या मागचे त्याला येऊन गाठतील. पण हे पहिल्या लॅपपासून करता येत नाही. स्वतःचे पिट स्टॉप बाकी असताना हळू चालवलं, तर मागचा कोणीतरी लवकर पिटमध्ये जाऊन तुमच्याच पुढे निघतो. म्हणून खरा डाव दुसऱ्या पिट स्टॉपनंतरचा.

त्याआधी रोझबर्गची परीक्षा दुसऱ्याच माणसाने घेतली. मॅक्स वर्स्टापेन पहिल्याच लॅपमध्ये स्पिन होऊन मागे पडला होता. रेड बुलने त्याला एकाच पिट स्टॉपवर ठेवलं आणि पिटसायकलनंतर तो नेमका रोझबर्गच्या पुढे आला. त्याच्या मागे अडकून राहिलं तर वेळ जातो. ओव्हरटेक करताना धक्का लागला तर चॅम्पियनशिप जाते. रोझबर्गने विसाव्या लॅपला त्याला मागे टाकलं. माझ्या मते त्याच्या त्या दिवसाचं खरं धाडस तेच. बाकी पूर्ण रेस त्याने धाडस टाळण्यात घालवली, आणि तेही सोपं नसतं.

मग शेवटच्या लॅप्स. ५५ लॅप्सची रेस. फेरारीच्या सेबास्टियन फेटेलने दुसरा स्टॉप उशिरा घेतलेला, त्यामुळे त्याच्याकडे जास्त मऊ आणि ताजे टायर. तो एकेकाला मागे टाकत, शेवटी वर्स्टापेनलाही मागे टाकत, थेट रोझबर्गच्या मागे आला. पुढे हॅमिल्टन रेंगाळतोय, मागे फेटेल, त्याच्या मागे वर्स्टापेन. हव्या होत्या तेवढ्याच दोन गाड्या!

पण या डावात एक गोची आहे. डीआरएसचा नियम तेव्हा असा होता: पुढच्या गाडीच्या एका सेकंदाच्या आत असाल, तर ठरलेल्या सरळ पट्ट्यावर मागच्या पंखाची फट उघडता यायची आणि वेग वाढायचा. रोझबर्गला फेटेलच्या तावडीत द्यायचं म्हणजे त्याला आपल्या अगदी जवळ ठेवावं लागतं. आणि तो जवळ असला की त्यालाही डीआरएस मिळतं! म्हणजे सापळ्यातच सुटकेची सोय. लांब जाऊन त्याला एकटं पाडावं, तर मग सापळाच उरत नाही.

टीमची अवस्था बघा. कन्स्ट्रक्टर्सचं विजेतेपद आधीच मर्सिडीजचं झालेलं. ड्रायव्हरचंही त्यांच्याच घरात जाणार. धोका एवढाच की फेटेल रेस जिंकून जाईल. म्हणून रेडिओवर हॅमिल्टनला वेग वाढवायला सांगितलं. तो ऐकेना, तेव्हा तांत्रिक विभागाचे प्रमुख पॅडी लो स्वतः बोलले आणि ही सूचना असल्याचं स्पष्ट केलं. हॅमिल्टनच्या उत्तराचा अर्थ असा होता की मी चॅम्पियनशिप गमावतोय, मग रेस गमावली तरी आत्ता मला काय फरक पडतो?

मी सॉफ्टवेअरवाला आहे, आणि आमच्याकडे एक गोष्ट रोज दिसते. ज्या आकड्यावर माणसाला मोजलं जातं, त्याच आकड्यामागे तो धावतो. टीम मोजत होती रेसचा विजय. हॅमिल्टन मोजत होता विजेतेपद. दोघांचं एकच गणित असण्याची शक्यताच नव्हती. सूचना चुकीची होती असं मी म्हणणार नाही, पण ती पाळली जाईल ही अपेक्षा भोळी होती. वर मलेशियात तो पुढे असताना इंजिन गेलं होतं आणि २५ गुण हातातून निसटले होते. ते ओझं त्याच्या डोक्यावर नसेल असं मानणं अवघड आहे.

शेवट आकड्यांत सांगतो. हॅमिल्टन जिंकला. रोझबर्ग ०.४३९ सेकंद मागे, फेटेल ०.८४३, वर्स्टापेन १.६८५. चार गाड्या दोन सेकंदांच्या आत! एकूण गुण ३८५ विरुद्ध ३८०. हॅमिल्टनने वर्षात १० रेस जिंकल्या, रोझबर्गने ९, आणि चॅम्पियन रोझबर्ग.

पाच दिवसांनी, २ डिसेंबरला, रोझबर्गने निवृत्ती जाहीर केली. वय ३१. बाहेरचा प्रतिस्पर्धी रेस संपली की आपल्या गॅरेजमध्ये जातो. टीममेट मात्र तुमचा सगळा डेटा बघतो, तुमच्याच मीटिंगमध्ये बसतो, आणि पुढच्या वर्षी पुन्हा समोर असतो. अशा माणसाला एकदा हरवायची किंमत किती, याचा हिशोब रोझबर्गने बहुतेक आपल्या सगळ्यांच्या आधी मांडला होता.

चला, भेटू पुढच्या भागात.